व्यापारी प्रकाशनाला पर्याय : वऱ्हाडातील ग्रंथव्यवहाराचा वारसा आणि महाविद्यालयीन शोधपत्रिकेचे दायित्व

प्रस्तावना

नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील, बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथील, अथवा शेजारच्या मलकापूर, शेगाव, खामगाव येथील एखाद्या महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकास आपला शोधनिबंध प्रसिद्ध करावयाचा झाल्यास त्याच्यासमोर साधारणतः तीन वाटा असतात. पहिली वाट मोठ्या आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रकाशनसंस्थांच्या नियतकालिकांची. ही प्रतिष्ठेची खरी. परंतु तेथे मराठीला प्रवेश नाही आणि तेथे छापलेला आपलाच निबंध आपल्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचावयास मिळेल याची शाश्वती नाही. दुसरी वाट शुल्क भरताच आठवडाभरात निबंध छापून देणाऱ्या पत्रिकांची. तिच्याविषयी प्राध्यापकवर्गात खाजगीत पुष्कळ बोलले जाते, जाहीरपणे फारसे नाही. तिसरी वाट महाविद्यालयाने किंवा एखाद्या विद्वत्संस्थेने स्वतः चालविलेल्या शोधपत्रिकेची. ती लहान असते, अनियमित होण्याची भीती तिला सदैव असते आणि तिच्यामागे भांडवल नसते.

वरवर पाहता ही तिसरी वाट सर्वांत दुबळी वाटते. तथापि महाराष्ट्रातील, विशेषतः वऱ्हाडातील, ज्ञानव्यवहाराचा इतिहास पाहिला तर गंभीर संशोधन येथे प्रामुख्याने याच वाटेने वाचकांपर्यंत पोहोचले असे दिसून येते. व्यापारी विद्याप्रकाशनाला पर्याय शोधावयाचा म्हणजे काही नवे, परदेशी प्रारूप आणावयाचे असे नसून, एका जुन्या व्यवहाराच्या अटी नव्याने समजून घ्यावयाच्या आहेत. या अटी कोणत्या, त्या पाळल्या न गेल्यास काय होते आणि आज त्या पाळणे तालुक्याच्या गावी कितपत शक्य आहे, याचा विचार येथे केला आहे.

ज्ञानाचे मोल आणि किंमत

विद्वत्पत्रिकांचा जन्म व्यापारासाठी झाला नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या परंपरेतील 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ही पत्रिका १६६५ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतरची जवळजवळ तीन शतके शोधपत्रिका चालविणे हे विद्वत्संस्थांचे कर्तव्य मानले जात असे. त्यात तोटा येणे गृहीतच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानावरील सरकारी खर्च वाढला, विद्यापीठीय ग्रंथालयांची अंदाजपत्रके वाढली आणि या क्षेत्रात मोठा नफा आहे हे काही चतुर व्यावसायिकांनी हेरले. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ मध्ये उभारलेली पर्गमॉन प्रेस हे त्याचे ठळक उदाहरण. १९९१ मध्ये ही संस्था एल्सव्हियरने विकत घेतली.

या व्यवसायाचे वैशिष्ट्य असे की त्यात कच्चा माल फुकट मिळतो. निबंध लिहिणारा प्राध्यापक मानधन घेत नाही, तो तपासणारा तज्ज्ञही घेत नाही. दोघांचाही पगार बहुधा सार्वजनिक पैशातून होतो. तयार झालेला अंक मात्र त्यांच्याच संस्थेच्या ग्रंथालयास विकत घ्यावा लागतो. साखर महाग झाली तर ग्राहक गुळाकडे वळू शकतो. एका शोधपत्रिकेच्या ऐवजी दुसरी घेऊन मात्र भागत नाही, कारण प्रत्येक निबंध एकमेव असतो. त्यामुळे वर्गणी वाढविण्यास बाजाराचा असा काही लगाम उरत नाही.

या स्थितीविरुद्ध २००२ मध्ये बुडापेस्ट येथून आणि २००३ मध्ये बर्लिन येथून मुक्त प्रवेशाचे जाहीरनामे निघाले. संशोधन वाचणाऱ्यास ते विनामूल्य उपलब्ध असावे, ही त्यांची मागणी. मागणी मान्य झाली, पण ज्या रीतीने मान्य झाली ती पाहण्यासारखी आहे. प्रकाशनसंस्थांनी वाचकाकडून घ्यावयाची रक्कम लेखकाकडून घेण्यास सुरुवात केली. 'नेचर' या पत्रिकेने २०२० मध्ये मुक्त प्रवेशासाठी एका निबंधामागे ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम आठ लाख रुपयांहून अधिक होते. वाचकासमोरचे कुंपण काढून ते लेखकासमोर उभे केले गेले, एवढाच काय तो फरक.

भारत शासनाने दुसऱ्या बाजूने उपाय केला. 'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका शासकीय संस्थांना खुल्या करण्यात आल्या. विद्यार्थ्यांचा यात लाभ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु योजना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे. वऱ्हाडातील बहुसंख्य ग्रामीण महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांनी उभी केलेली आहेत व ती या व्याख्येत सहजासहजी बसत नाहीत. शिवाय मराठी वाङ्मय, प्रादेशिक इतिहास, बोलीविज्ञान अशा विषयांत काम करणाऱ्यास या तेरा हजारांत आपले म्हणावे असे फारसे काही सापडणार नाही. सार्वजनिक निधी मोठ्या प्रमाणावर मोजक्या प्रकाशकांकडे जातो आणि मराठीतील एखादी त्रैमासिक शोधपत्रिका टपालखर्चासाठी वर्गणीदारांची वाट पाहत राहते, हा विरोधाभास नोंदविणे भाग आहे.

शुल्कपत्रिका : पर्यायाचे सोंग

व्यापारी प्रकाशनाला पर्याय म्हणून आपल्याकडे जे सर्वाधिक फोफावले ते दुर्दैवाने पर्यायाचे सोंग होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि शोधनिबंधांची संख्या हे त्यातील एक प्रमुख साधन झाले. २०१८ च्या विनियमांतही तज्ज्ञपरीक्षित किंवा आयोगाच्या सूचीतील पत्रिकेमधील एका निबंधास विज्ञानशाखेत आठ व मानव्यविद्यांत दहा गुण ठेवण्यात आले. मागणी निर्माण झाली की पुरवठा होतोच. पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या पत्रिका गावोगावी निघाल्या. एकदिवसीय चर्चासत्राचा 'विशेषांक' नोंदणीशुल्कातच मिळू लागला आणि परीक्षणाचे काम जुळणी करणाऱ्यावर सोडले गेले.

आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची सूची प्रसिद्ध केली. या सूचीतील विद्यापीठांच्या शिफारशीवरून समाविष्ट झालेल्या पत्रिकांचा अभ्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अशा तपासलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाच्या असण्याची शक्यता होती. ज्यांनी शिफारस केली त्या समित्यांवर प्राध्यापकच होते, ही बाब अधिक अस्वस्थ करणारी. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ पत्रिका सूचीतून वगळल्या, आणि २०१९ पासून 'केअर' ही नवी सूची अमलात आली. ही सूचीही फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. आता कोणती पत्रिका विश्वासार्ह मानावी याचा निर्णय संस्थांनी स्वतः करावयाचा आहे. आयोगाने त्यासाठी केवळ सूचक निकष दिले आहेत.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहता येईल. बाजारू पत्रिकांना रान मोकळे झाले, असे म्हणता येईल. ते खरे आहेच. पण दिल्लीहून आलेली सूची हाती असल्यामुळे निबंध न वाचताच त्यास गुण देण्याची जी सोय झाली होती, तीही संपली. निबंधाचा दर्जा ठरविण्यासाठी तो वाचावा लागतो, ही साधी गोष्ट पुन्हा महाविद्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक वाटते. आयएसएसएन क्रमांक हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. नियतकालिकाची ओळख पटविण्याचा तो केवळ क्रमांक असून भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. पुस्तकाच्या आयएसबीएनचेही तसेच. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत हा क्रमांक छापून त्यालाच 'मान्यता' म्हणणे म्हणजे शिधापत्रिकेचा क्रमांक दाखवून श्रीमंती सिद्ध करण्यासारखे आहे.

मलकापूरचा छाप

वऱ्हाडातील जुन्या ग्रंथव्यवहाराकडे वळावयाचे ते यासाठी, की सूची, गुणांक आणि शुल्क यांपैकी काहीही नसताना येथे टिकाऊ संशोधन प्रकाशित झाले आहे.

मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास 'अरुण प्रकाशन, मलकापूर' हा छाप अपरिचित नाही. डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचे महानुभाव पंथाच्या तत्त्वज्ञानावरील व आचारधर्मावरील ग्रंथ याच नावाने निघाले. कोलते यांचा जन्म १९०८ चा, मलकापूर तालुक्यातील नरवेल या खेड्यातला. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ च्या भोपाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. परंतु ज्या पायाभूत ग्रंथांवर त्यांची विद्वत्ता उभी आहे, त्यांवर पुण्यामुंबईच्या नामांकित पेढीचे नाव नाही. एका तालुक्याच्या गावाचे आहे. आजही महानुभाव तत्त्वज्ञानावरील प्रबंधांच्या संदर्भसूचीत मलकापूरचे नाव येते. या ग्रंथांना कोणी श्रेयांक दिले नव्हते. ते टिकले ते पुढच्या अभ्यासकांना त्यांच्यावाचून पुढे जाता आले नाही म्हणून.

महानुभाव वाङ्मयाची कथा या विषयाशी आणखी एका अंगाने निगडित आहे. पंथीयांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. तो त्यांचा श्रद्धेचा व संरक्षणाचा प्रश्न होता आणि त्यास तशी कारणेही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी व काही महंतांच्या औदार्याने हा ठेवा पंथाबाहेरच्या वाचकांसाठी उलगडू लागला. यवतमाळच्या शारदाश्रमात यशवंत खुशाल देशपांडे यांनी पोथ्यांचा शोध व अभ्यास चालविला, नागपूरला ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' भागशः छापून काढले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती आला तो व्यापारी प्रकाशनाच्या मार्गाने नव्हे, तर अशा चिकाटीच्या, बहुधा पदरमोडीच्या कामामुळे. ज्ञान कुलुपबंद असणे म्हणजे काय आणि ते खुले होणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण वऱ्हाडास बाहेरून आणण्याची गरज नाही.

भांडवलाचा प्रश्न या पिढीने कसा सोडविला, हे पाहण्यासाठी श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे उदाहरण घ्यावे लागते. अमरावतीत वाढलेल्या व अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतलेल्या केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी कोणा धनिकाचा किंवा सरकारचा आश्रय न शोधता मर्यादित कंपनी स्थापिली. 'ज्ञानकोश मंडळ लिमिटेड, नागपूर' हे तिचे नाव. भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले, त्यासाठी गावोगाव हिंडले. १९२० च्या दशकात तेवीस खंडांचे हे काम पुरे झाले. केतकरांच्या वाट्याला यातून संपत्ती आली नाही. १९३७ मध्ये ते निवर्तले तेव्हा आर्थिक विवंचना त्यांची पाठ सोडून गेलेल्या नव्हत्या. आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने हे खंड संगणकावर कोणासही विनामूल्य वाचता येतात.

अशाच रीतीने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले व त्याने 'संशोधक' हे त्रैमासिक चालविले. धुळे त्या काळी विद्यापीठाचे गाव नव्हते. मराठवाड्यात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले 'अस्मितादर्श' त्यांनी २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत निष्ठेने चालविले, आणि दलित साहित्याच्या समीक्षेचे ते पीठ ठरले. या प्रत्येक ठिकाणी पत्रिका आधी निघाली, प्रतिष्ठा मागून आली.

स्वातंत्र्य कोणाचे आणि कोणापासून

येथवरच्या विवेचनावरून स्वतंत्र प्रकाशन म्हणजे केवळ निःस्वार्थ माणसांचे काम, असा समज होण्याची शक्यता आहे. तो अपुरा आहे. सदिच्छा व्यक्तीबरोबर संपते. मालकी कोणाकडे आहे हा प्रश्न सदिच्छेहून अधिक निर्णायक ठरतो, हे अलीकडच्या काही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मुंबईत नव्वदच्या दशकात डॉ. डी. के. साहू यांनी 'मेडनो' ही संस्था सुरू केली. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाच्या अध्यापकांच्या सोसायटीची 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' ही या संस्थेने प्रथम हाती घेतलेल्या पत्रिकांपैकी एक. भारतीय वैद्यक संघटनांच्या अनेक पत्रिका मेडनोने संगणकजालावर विनामूल्य खुल्या केल्या आणि तेही लेखकांवर शुल्काचा बोजा न टाकता. खर्च मुद्रित अंकांच्या वर्गणीतून व जाहिरातींतून निघे. मुक्त प्रवेशामुळे वर्गणी बुडते हा समज या अनुभवाने खोटा ठरविला, म्हणून जगभर या प्रयोगाचा गौरवाने उल्लेख होई. २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेने मेडनो विकत घेतली. त्यात बेकायदेशीर किंवा अनुचित असे काही नव्हते. खाजगी कंपनी होती, ती विकली जाऊ शकत होती. मात्र ज्या पत्रिकांचे नाव व स्वामित्व संघटनांकडेच राहिले होते, त्यांना पुढे काय करावयाचे हे ठरविण्याची मोकळीक उरली. भाषाविज्ञानातील 'लिंग्वा' या पत्रिकेच्या संपादकांना ती नव्हती. २०१५ मध्ये एल्सव्हियरशी मतभेद होऊन संपूर्ण संपादक मंडळाने राजीनामे दिले, तेव्हा पत्रिकेचे नाव कंपनीकडेच राहिले आणि त्यांना 'ग्लॉसा' या नव्या नावाने आरंभापासून सुरुवात करावी लागली.

याउलट 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' ही पत्रिका १९९३ पासून मुंबईतील फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटी चालवीत आली आहे. वैद्यक व्यवसायातील गैरप्रकारांवर डॉक्टरांनीच लिहावे, यासाठी ती निघाली. औषधकंपन्यांच्या जाहिरातींवर पोसलेल्या नियतकालिकास हे काम साधणे कठीण होते. तेव्हा कोणाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, हा निर्णय या पत्रिकेच्या बाबतीत केवळ हिशेबाचा नव्हता, तर आशयाचाच भाग होता.

विश्वस्त संस्थेची मालकी असली म्हणजे सर्व काही साधते, असेही नाही. सचिन चौधुरी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या 'इकॉनॉमिक वीकली'तून १९६६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' निघाले व समीक्षा ट्रस्टने ते सांभाळले. कृष्णराज यांच्या दीर्घ संपादकीय कारकिर्दीत समाजशास्त्रांमध्ये त्याने जे स्थान मिळविले ते कोणत्याही व्यापारी पत्रिकेस हेवा वाटावे असे. तरीही २०१७ मध्ये एका उद्योगसमूहाविषयीच्या लेखावरून कायदेशीर नोटीस आली, विश्वस्त व संपादक यांच्यात मतभेद झाले आणि संपादकांनी राजीनामा दिला. विश्वस्त, संपादक आणि लेखक यांच्या अधिकारांच्या सीमा लिखित स्वरूपात असणे का आवश्यक आहे, हे अशा प्रसंगी कळते. महाविद्यालयांत तर संस्थाचालक, प्राचार्य व संपादक यांची नाती याहून गुंतागुंतीची असतात, हे वेगळे सांगावयास नको.

विदर्भापुरते पाहावयाचे तर 'आजचा सुधारक' या मासिकाचा उल्लेख टाळता येणार नाही. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेले प्रा. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून ते सुरू केले. त्यांच्यानंतर दिवाकर मोहनी, नंदा खरे आदींनी ते पुढे नेले. विवेकवादी विचारास वाहिलेल्या या मासिकाची छपाई साधी होती. पण त्यात छापलेल्या लेखाचा प्रतिवाद पुढील अंकात येई, आणि प्रतिवादाचाही प्रतिवाद. मुद्रित अंक थांबल्यानंतर ते संगणकजालावर आले व जुने अंकही तेथे सर्वांस खुले झाले. छापून आलेल्या निबंधास कोणी उत्तर देणे, हे तज्ज्ञपरीक्षणाचे सर्वांत प्रामाणिक रूप होय. शुल्कपत्रिकेतील निबंधास कधी कोणी उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही.

महाविद्यालयीन पत्रिकेपुढील प्रत्यक्ष प्रश्न

महाविद्यालयाची स्वतःची शोधपत्रिका व्यापारी प्रकाशनास पर्याय ठरावयाची असेल, तर पहिली अट लेखकाकडून पैसे न घेण्याची. शुल्क आणि स्वीकृती यांचा संबंध जोडला गेला, की संपादकाला निबंध नाकारणे परवडत नाही. खर्च संस्थेने, माजी विद्यार्थ्यांनी वा वर्गणीदारांनी उचलावा. अंकाची पृष्ठे कमी करावी लागली तरी हरकत नाही. वर्षाला सहा चांगले निबंध छापणारी पत्रिका साठ निबंधांच्या विशेषांकाहून अधिक काळ जगते.

येथेच एक अप्रिय हिशेब मांडावयास हवा. फुकट पत्रिका म्हणजे फुकट श्रम नव्हेत. जुळणी करणाऱ्याचे, मुद्रितशोधकाचे, संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचे पैसे वेळेवर दिले जात नसतील, आणि संपादनाचे काम एखाद्या कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या माथी मारून वर नाव मात्र ज्येष्ठांचे छापले जात असेल, तर त्या पत्रिकेने व्यापारी प्रकाशकांच्या शोषणाविषयी न बोललेले बरे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक ही वऱ्हाडातील महाविद्यालयांची नित्याची वस्तुस्थिती आहे. त्यांच्या कामाची नोंद, श्रेय आणि मोबदला हा प्रकाशननीतीचाच प्रश्न आहे.

परीक्षणाची अडचण वेगळी आहे. परीक्षकास लेखकाचे नाव कळू नये, हा नियम योग्य. पण अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत महानुभाव वाङ्मयावर किंवा वऱ्हाडी बोलीवर काम करणारे किती, आणि त्यांपैकी एकमेकांना न ओळखणारे किती? दुसऱ्या परिच्छेदात लेखक ओळखू येतो, बहुधा त्याच्या आवडत्या शब्दप्रयोगावरून. यावर उपाय दोन. परीक्षक नांदेड, कोल्हापूर, गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथून शोधावेत. टपालाचा काळ आता राहिलेला नाही. आणि जेथे गुप्तता निरर्थक ठरते तेथे परीक्षण सहीनिशी व्हावे व लेखकाच्या संमतीने निबंधासोबत छापलेही जावे. तीस ओळींचे सडेतोड परीक्षण वाचून विद्यार्थी जे शिकतो ते संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकात नसते.

स्वामित्वहक्काबाबत प्राध्यापकवर्गात आश्चर्यकारक उदासीनता आढळते. व्यापारी प्रकाशकाचा छापील करार न वाचता सही केली जाते आणि आपलाच निबंध विद्यार्थ्यांना देण्याचा अधिकार लेखक गमावून बसतो. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधील तरतूद लेखकास पुष्कळशी अनुकूल आहे. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. महाविद्यालयीन पत्रिकेने तर हक्क मागूच नयेत. प्रथम प्रकाशनाची परवानगी तेवढी घ्यावी, हक्क लेखकाकडे ठेवावेत आणि श्रेयनिर्देश करून कोणासही निबंध वापरता येईल असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना अंकावर स्पष्ट छापावा. त्यासाठी वकिलाची गरज पडत नाही.

तांत्रिक साधनांची उणीव हे कारण आता पुढे करता येणार नाही. कॅनडातील पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने विकसित केलेली 'ओपन जर्नल सिस्टीम्स' ही प्रणाली विनामूल्य आहे. निबंध स्वीकारणे, परीक्षकाकडे पाठविणे, अंक प्रसिद्ध करणे ही सर्व कामे तीवर होतात. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा जुना धाकही उरलेला नाही. २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला असून वैज्ञानिक व शैक्षणिक स्वरूपाच्या पत्रिका त्याच्या कक्षेबाहेर आहेत. पुस्तक प्रकाशित केल्यास मात्र १९५४ च्या कायद्यानुसार त्याच्या प्रती कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या चार सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. लहान प्रकाशक हे सर्रास विसरतात आणि मग पन्नास वर्षांनी पुस्तकाची एकही प्रत कोठे सापडत नाही.

मराठीपुरता खरा अडसर अक्षरांचा आहे. गेल्या तीन दशकांतील मराठी शोधनिबंधांचा फार मोठा भाग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये जुळविला गेला. पडद्यावर व कागदावर ही अक्षरे देवनागरी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ असते. शोधयंत्रात 'लीळाचरित्र' हा शब्द घातला तर अशा फाँटमधील निबंध हाती लागत नाही. संगणकजालावर तो विनामूल्य ठेवलेला असूनही. सकळ लिपी तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून, रक्षणासाठी घडविली होती. ही नवी सांकेतिक लिपी मात्र निव्वळ हयगयीतून तयार झाली आहे, आणि तिने मराठी संशोधन कोणत्याही परदेशी कंपनीच्या कुंपणाहून अधिक झाकून टाकले आहे.

यावर परिवर्तक प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांच्याकडून जोडाक्षरांत, रफारांत व ऱ्हस्व इकारांत चुका होतात, त्यामुळे परिवर्तित मजकूर एकदा माणसाने वाचावाच लागतो. पदव्युत्तर मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना मुद्रितशोधनाचा सराव म्हणून हे काम देता येईल. महाविद्यालयाच्या कपाटातील जुन्या वार्षिकांकांपासून व चर्चासत्रांच्या स्मरणिकांपासून त्यास आरंभ करावा. प्रथम केवळ लेखांची शीर्षके, लेखकांची नावे आणि वर्ष एवढी सूची युनिकोडमध्ये तयार करून खुली करावी. मजकूर मागून येईल. एका सत्रात दोन विद्यार्थी व एक अध्यापक एवढ्या मनुष्यबळावर ही सूची पुरी होऊ शकते, आणि तिच्यासाठी कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही.